फिआले : एका उदाहरणाचे भाषांतर आणि रूपकाचा विचार

१

ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’च्या एकविसाव्या प्रकरणात रूपकाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले तीन जाती-उपजातींच्या परस्परसंबंधांवर आधारलेले आहेत. चौथा प्रकार अनुपातावर उभा आहे. दुसऱ्या पदाचे पहिल्याशी जे नाते, तेच चौथ्याचे तिसऱ्याशी असेल, तर दुसऱ्याच्या जागी चौथे आणि चौथ्याच्या जागी दुसरे पद योजता येते, असा त्याचा नियम आहे. ह्या नियमासाठी ॲरिस्टॉटलने पहिले उदाहरण दिले आहे ते एका पात्राचे. मद्याचा देव डायोनिसस याच्याशी ह्या पात्राचे जे नाते आहे, तेच युद्धदेव आरेस याच्याशी ढालीचे आहे. म्हणून पात्राला डायोनिससची ढाल म्हणता येईल आणि ढालीला आरेसचे पात्र. लगेच येणारे दुसरे उदाहरण दिवस-संध्याकाळ आणि आयुष्य-वार्धक्य ह्या जोड्यांचे आहे. ‘आयुष्याची संध्याकाळ’ ही शब्दयोजना मराठीत इतकी रुळलेली आहे, की ते आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

पहिले उदाहरण मात्र समजावून सांगावे लागते. फळ्यावर आपण ‘प्याला : डायोनिसस, ढाल : आरेस’ असे लिहितो आणि विद्यार्थी त्रैराशिक सोडवावे तसे ते सोडवतात. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण प्याल्यात आणि ढालीत सारखे काय आहे?” मी उत्तर दिले, की त्यांच्यात सारखे काहीच नाही, साम्य वस्तूंमध्ये नसून नात्यांमध्ये आहे आणि हेच ह्या रूपकप्रकाराचे वैशिष्ट्य आहे. हे उत्तर मी त्याआधीही अनेक वर्षे देत आलो होतो. ते परीक्षेत गुण मिळवून देणारे उत्तर आहे. पण ते निम्मे चुकीचे आहे, आणि चुकीचे मूळ एका शब्दाच्या भाषांतरात आहे. प्रस्तुत लेखात त्या शब्दाच्या निमित्ताने दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे : सिद्धान्तग्रंथातले उदाहरण ही सिद्धान्ताबाहेरची सजावट असते काय, आणि नसेल तर त्यातील वस्तूचे भाषांतर आपण कसे करावे?

२

ॲरिस्टॉटलने वापरलेला मूळ शब्द ‘फिआले’ असा आहे. ग्रीक भाषेत पिण्याच्या पात्रांना अनेक नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे वेगळा आकार आहे. ‘किलिक्स’ हे उंच पायाचे, पसरट आणि दोन कानांचे पात्र. ‘स्किफॉस’ खोलगट, बसक्या बुडाचे; त्यालाही दोन कान. ‘कॅन्थरॉस’चे दोन्ही कान काठाच्याही वर कमानीसारखे उठलेले असतात. अथेनिअस ह्या उत्तरकालीन ग्रंथकाराने आपल्या भोजनसंवादाच्या अकराव्या भागात पात्रांच्या नावांची वर्णानुक्रमे यादी देऊन चर्चा केली आहे. तीत ‘फिआले’ही आहे.

ह्या पात्रकुळात फिआले वेगळे उठून दिसते. त्याला कान नाहीत, दांडा नाही, पायही नाही. ते साधारण वीतभर व्यासाचे, उथळ, गोल पात्र असते. त्याच्या मधोमध बहुधा एक उंचवटा असतो. त्याला ग्रीकमध्ये नाभी ह्या अर्थाचा शब्द आहे. उंचवट्याच्या मागच्या बाजूस जी पोकळी तयार होते तीत बोटे अडकवून आणि अंगठा काठावर ठेवून ते धरता येते. त्यातून मद्य प्यालेही जाई. परंतु त्याचा विशेष उपयोग देवतेला अर्घ्य देण्यासाठी, म्हणजे वेदीवर किंवा भूमीवर मद्य ओतण्यासाठी होता. आता हे पात्र मनातल्या मनात उपडे करावे. गोल, फुगीर पाठीची वस्तू दिसू लागते. ग्रीक पायदळातील सैनिकाची ढाल, ‘अस्पिस’, हीसुद्धा गोल आणि खोलगट असे. तिचा फुगीर भाग शत्रूकडे आणि पोकळ भाग धारण करणाऱ्याकडे असे. होमरच्या काव्यात तर ढालीला नाभियुक्त असे विशेषणच लावलेले आढळते. एक वस्तू तळहातावर मावते आणि दुसरी खांद्यापासून मांडीपर्यंत शरीर झाकते, एवढा फरक सोडला तर त्या एकमेकींच्या प्रतिकृती आहेत.

इंग्रजी अनुवादांतून हे दिसत नाही. बुचर (१८९५) आणि बायवॉटर (१९०९) ह्या दोघांनीही येथे ‘कप’ हाच शब्द योजला आहे. आपल्या पिढीने ‘काव्यशास्त्र’ प्रामुख्याने ह्याच दोघांच्या आधारे शिकले. १९५७ साली गो. वि. करंदीकरांनी तो ग्रंथ मराठीत आणला, हे ऋण आपल्यावर आहेच. माझा प्रश्न अमुक एका अनुवादाविषयीचा नाही. ‘कप’पासून ‘प्याल्या’पर्यंत न थांबता चालत आलेल्या, वर्गातल्या आणि प्रश्नपत्रिकेतल्या सवयीविषयीचा आहे. उभट, हातात धरायचा प्याला डोळ्यांसमोर आला की ढाल डोळ्यांसमोरून जाते. मग उरते ते निव्वळ त्रैराशिक.

३

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की दोन वस्तूंचे आकार जुळले हा योगायोग असू शकेल. ॲरिस्टॉटल बोलतो आहे तो अनुपाताविषयी, आकाराविषयी नव्हे. आक्षेप रास्त आहे. संध्याकाळ आणि वार्धक्य ह्यांना आकार नसतो, तरी त्यांचे रूपक होतेच. अनुपातमूलक रूपकाला दृश्य साम्याची अट आहे, असे मलाही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते इतकेच, की ह्या विशिष्ट उदाहरणात दृश्य साम्य कार्यरत आहे आणि ॲरिस्टॉटलला त्याची जाणीव आहे. ह्यासाठी तीन आधार देता येतात.

पहिला आधार पात्राच्या निवडीचा. ग्रीक मृत्पात्रांवरील चित्रांत डायोनिससच्या हाती जे पात्र विशेषेकरून दिसते ते कॅन्थरॉस आहे. ते त्याच्या ओळखीची खूणच बनले आहे. फिआले इतर देवदेवतांच्या हातीही दिसते. देव आणि त्याचे चिन्ह एवढेच नाते अभिप्रेत असते, तर कॅन्थरॉस हा शब्द अधिक नेमका ठरला असता. पण कॅन्थरॉसचे उंच कान ढालीशी जुळत नाहीत. मुळात ही कल्पना ॲरिस्टॉटलची नाही. ती मिलेटसच्या टिमोथिअस ह्या कवीची असल्याचा दाखला अथेनिअसने उद्धृत केलेल्या एका विनोदी नाटकातील उल्लेखावरून मिळतो. कवीने ढालीकडे पाहिले आणि त्याला आठवले ते फिआले. नाते नंतर जुळले असेल किंवा त्याच क्षणी जुळले असेल. परंतु डोळा त्यात होताच.

दुसरा आधार ‘वक्तृत्वशास्त्रा’च्या तिसऱ्या भागातला आहे. तेथे हेच उदाहरण दोनदा येते. अकराव्या प्रकरणात त्याच्या जोडीला धनुष्य आणि तंतुवाद्य ही जोडी आहे : धनुष्य म्हणजे तारा नसलेले वाद्य. ह्या जोडीतही बाक सारखा, ताण सारखा, छेडण्याची क्रियाही सारखी. येथेच ॲरिस्टॉटल एक महत्त्वाचा भेद करतो. ढालीला ‘आरेसचे फिआले’ म्हणणे हे दोन पदांच्या संबंधातून झालेले आहे. पण ढालीला नुसते ‘फिआले’ म्हणणे किंवा धनुष्याला नुसते ‘वाद्य’ म्हणणे हे साधे आहे. म्हणजे देवाचे नाव काढून घेतले तरी ढालीला फिआले म्हणता येते, हे त्याला मान्य आहे. हे साधे रूपक कशाच्या बळावर उभे राहते? अनुपात तर तेथे उच्चारलेलाच नाही. उरतो तो आकार. शिवाय वस्तू डोळ्यांसमोर उभी करणे हा रूपकाचा गुण त्याने ह्याच विवेचनात वाखाणलेला आहे, हेही विसरता येत नाही.

तिसरा आधार ‘काव्यशास्त्रा’च्या त्याच परिच्छेदाच्या शेवटी आहे आणि तो मला सर्वांत बलवान वाटतो. ॲरिस्टॉटल म्हणतो, की अनुपातमूलक रूपक आणखी एका रीतीने वापरता येते : परके नाव द्यायचे आणि त्या नावाचा एखादा स्वाभाविक गुण नाकारायचा. उदाहरणार्थ, ढालीला आरेसचे फिआले न म्हणता मद्यहीन फिआले म्हणायचे. आता ‘मद्यहीन प्याला’ हे शब्द मराठीत उच्चारून पाहावेत. ऐकणाऱ्याला काय कळेल? रिकामा प्याला. ढाल कोणालाही सुचणार नाही, कारण ढालीकडे नेणारे आरेसचे नावच ह्या रूपातून गळले आहे. उलट, फिआलेचा आकार ज्याच्या डोळ्यांत आहे त्याला मद्यहीन फिआले म्हणताच गोल, पोकळ, कधीच न भरणारी वस्तू दिसते. दृश्य साम्य वगळले तर हे उदाहरण ह्या टोकाला अर्थशून्य होते. जे शिकवताना आपण बहुधा घाईने ओलांडतो, तेच वाक्य आपल्या भाषांतराची परीक्षा घेते.

४

गुण नाकारून रूपक साधण्याच्या ह्या रीतीला भारतीय काव्यशास्त्रात एक नेमके समांतर स्थान आहे आणि त्याचा विचार केल्यास वरील मुद्दा अधिक स्पष्ट होतो. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरच्या जयापीड राजाच्या आश्रयास असलेल्या वामनाने ‘काव्यालंकारसूत्रवृत्ती’त विशेषोक्ती ह्या अलंकाराचे जे लक्षण केले आहे ते नंतरच्या प्रचलित लक्षणाहून वेगळे आहे. मम्मटापासून आपण विशेषोक्ती म्हणजे कारणे असूनही कार्य न होणे असे शिकतो. वामनाच्या मते मात्र एका गुणाची उणीव कल्पिल्यामुळे साम्याला जी दृढता येते ती विशेषोक्ती. त्याची उदाहरणेही बोलकी आहेत. कालिदासाच्या हिमालयावरील तेजस्वी वनस्पती ह्या दिवेच आहेत, फक्त त्यांत तेल घालावे लागत नाही. ‘मृच्छकटिका’तल्या जुगाऱ्याला जुगार हे राज्यच वाटते, उणे आहे ते सिंहासन. व्यासांना चार मुखे नसलेला ब्रह्मा म्हणणारी प्रसिद्ध स्तुतीही ह्याच जातीची. पुढे अप्पय्य दीक्षितांनी ‘कुवलयानंदा’त रूपकाचे आधिक्य, न्यूनत्व आणि अनुभय असे भेद केले, त्यांतील न्यूनत्वाचा भेद ह्याच जागेवर येतो.

दोन परंपरांतील साम्य दाखवून थांबणे हा आपल्या तौलनिक लेखनाचा जुना दोष आहे. फरक अधिक शिकवून जातो. ॲरिस्टॉटल ह्या नकाराचे प्रयोजन सांगतो ते ‘वक्तृत्वशास्त्रा’त, आणि ते आहे शैलीचा भारदस्तपणा. वस्तूजवळ काय काय नाही हे सांगत गेले की वर्णन हवे तेवढे वाढवता येते. त्याच्या लेखी नकार हे विस्ताराचे साधन आहे. वामनाच्या लेखी तो निश्चितीचे साधन आहे. एकच उणीव मोजून सांगणे म्हणजे उरलेले सारे सारखे आहे, असे ठामपणे सांगणे. ‘तेल नाही’ म्हटल्याने वनस्पती आणि दिवा ह्यांतील अंतर वाढत नाही. ते एवढेच आहे असे ठरते आणि म्हणून कमी होते.

वामनाची ही दृष्टी घेऊन मद्यहीन फिआलेकडे पाहिले तर ॲरिस्टॉटलने न सांगितलेली गोष्ट उलगडते. मद्याची उणीव सांगितल्याबरोबर उरलेले सारे, म्हणजे गोलपणा, पोकळी, धरण्याची रीत, धारण करणाऱ्याशी असलेली जवळीक, हे समान म्हणून पुढे येते. नकाराला काम करण्यासाठी आधी भरभक्कम साम्य लागते. जेथे साम्यच नाही तेथे उणीव सांगण्यात अर्थ नसतो. ग्रीक उदाहरण समजण्यासाठी संस्कृत लक्षण हाती घ्यावे लागते, ह्यात आत्मगौरवाचे काही नाही. दोन्हीकडचे विचारवंत एकाच भाषिक घटनेकडे पाहत होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

५

मग फिआलेला मराठीत काय म्हणावे? उपलब्ध शब्द तपासून पाहू.

‘प्याला’ हा शब्द फारसीतून आला. फारसी ‘पियाला’चा संबंध काही अभ्यासक थेट ग्रीक ‘फिआले’शीच जोडतात, ती व्युत्पत्ती सर्वमान्य नाही, पण नाकारलेलीही नाही. ती खरी धरली तर आपण फिआलेचे भाषांतर त्याच्याच वंशजाने करीत आहोत. पश्चिमेकडचा वंश मात्र निर्विवाद आहे : लॅटिन आणि फ्रेंचमार्गे हाच शब्द इंग्रजीत बाटलीवाचक झाला आणि आज आपल्या शहरातल्या घाटी रुग्णालयात परिचारिका ज्या इंजेक्शनच्या बाटलीला ‘व्हायल’ म्हणते ती फिआलेचीच पणती आहे. उथळ पात्राची अरुंद बाटली झाली. ह्यावरून घ्यावयाचा धडा असा, की शब्दाचे कूळ सापडले म्हणजे अर्थ सापडला असे नव्हे. वस्तू आणि शब्द वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात. मराठवाड्यातल्या तेर येथे भूमध्य सागरी मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. तेथे वस्तू आली, पण तिचा शब्द मागे राहिला. प्याल्याच्या बाबतीत शब्द आला असेलही, पण वस्तू बदलली. शिवाय १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’नंतर ह्या शब्दाला मराठीत व्यसनाची आणि सर्वनाशाची जी छटा चिकटली आहे, ती देवाला अर्घ्य देणाऱ्या पात्राला मुळीच शोभत नाही.

‘चषक’ हा संस्कृत शब्द मद्यपात्राचाच. पण वृत्तपत्रांनी तो क्रीडास्पर्धांना दिला आणि आता ‘विश्वचषक’ म्हटल्यावर कोणाला मद्य आठवत नाही. गंमत अशी, की होमरच्या ‘इलियड’मध्ये तेविसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत, फिआले हे रथांच्या शर्यतीचे पाचवे बक्षीस आहे आणि ते न दिले गेल्यामुळे अकिलिस ते वृद्ध नेस्टरला आठवण म्हणून देतो. पण होमरचे फिआले हे मोठे भांडे आहे. पॅट्रोक्लसच्या अस्थी ठेवल्या जातात तेही सोन्याच्या फिआलेतच. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत त्याच शब्दाने निर्देशिलेली वस्तू पालटली होती.

आकाराने आणि विधीतील स्थानाने सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘ताम्हण’ हा आहे. उथळ, गोल, बिनकानाचे, अर्घ्याशी निगडित. ताम्हण उपडे केले तर ढाल दिसतेही. परंतु त्यातून कोणी पीत नाही, त्यात सोडतात. आणि दुसरी अडचण अधिक खोल आहे. हा शब्द मी वर्गात सुचवला तेव्हा मोजक्याच चेहऱ्यांवर ओळख उमटली. बाकीच्यांच्या घरी परात होती, थाळी होती, जर्मनची वाटी होती, ताम्हण नव्हते. एका वर्गासाठी उदाहरण उजळ करताना मी ते दुसऱ्यांसाठी अधिक परके करीत होतो. म्हणून माझा निष्कर्ष असा, की मूळ शब्द ‘फिआले’ तसाच ठेवावा, वस्तूचे वर्णन द्यावे आणि ज्याने त्याने आपल्या घरातले भांडे उपडे करून पाहावे.

६

ताम्हणाने उभा केलेला प्रश्न येथेच सोडता येत नाही, कारण तो सिद्धान्तापर्यंत पोचतो. ॲरिस्टॉटलच्या अनुपातात एक गृहीत दडलेले आहे : वस्तू कोणाची हे सर्वांना ठाऊक आहे. फिआले डायोनिससचे, ढाल आरेसची. हे ‘कोणाचे’ देवांच्या जगात निरुपद्रवी असते. आपल्या समाजात पिण्याचे पात्र कोणाचे, हा प्रश्न कधीच निरुपद्रवी नव्हता. १९२७ साली महाडला आणि १९३४ साली येथून हाकेच्या अंतरावरील दौलताबादच्या किल्ल्यात डॉ. आंबेडकरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाण्यावरून जे अनुभव आले ते सर्वश्रुत आहेत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) गावच्या चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी येते आणि तिच्याविरुद्ध पोलिसांत केलेली तक्रारही येते.

ह्या कपबशीकडे वरील विवेचनाच्या उजेडात पाहावे. तिचा आकार इतर कपबश्यांसारखाच आहे. तीत ओतला जाणारा चहाही तोच. दृश्य साम्य पूर्ण आहे. वामनाच्या भाषेत बोलायचे तर उणीव दाखवायला एक गुणही कमी नाही. तरीही ती वेगळी आहे, आणि हे वेगळेपण सर्वस्वी ‘कोणाची’ ह्या एका पदातून आलेले आहे. मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत होतो ते ‘वस्तूंत नव्हे, नात्यांत’ हे सूत्र फिआलेला अपुरे पडते. ह्या कपबशीला मात्र ते तंतोतंत लागू पडते, आणि लागू पडते तेव्हा ते रूपकाचे लक्षण राहत नाही, अन्यायाचे वर्णन होते. अनुपात हा केवळ कल्पनाशक्तीचा खेळ नाही. समाजही अनुपात मांडत असतो, आणि साहित्य कधी ते वापरते, कधी मोडते. लिंबाळे यांच्या प्रसंगातली तक्रार म्हणजे अनुपातातले एक पद मान्य करण्याला दिलेला नकार आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराजबासांनी चक्रधरांचे दृष्टान्त संकलित केले तेव्हा सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी मांडणी ठेवली. दृष्टान्त सांगून झाल्यावर तो कशास लागू हे सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. आपण पाश्चात्त्य सिद्धान्त शिकवताना सूत्र घेतो, दृष्टान्त उरकतो आणि दार्ष्टान्तिक विसरतो. त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाले तर मी म्हणेन : ह्या पात्रात आणि ढालीत बरेच सारखे आहे, ते आधी पाहा, मग नाते जुळवा, आणि नाते जुळवताना ते पात्र कोणाचे म्हणून ठरले, कोणी ठरवले, हेही विचारा.